लिफ्टनंतरची थरथर ‘आपोआप बसते’ का?

समज असा: लिफ्ट किट लावून जीपची उंची वाढवली की ताशी ७०-८०ला थोडी थरथर येणारच, हजारभर किलोमीटरमध्ये सगळं बसतं, फार तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या.

समज अगदीच निराधार नाही. नवे पाटे (सस्पेन्शनच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) थोडे बसतातच. पण थरथरीचं मूळ बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, कोनात असतं. शाफ्टच्या टोकाचा क्रॉसचा जॉइंट (युनिव्हर्सल जॉइंट) कोनात फिरताना दर फेऱ्याला शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर हा चढउतार एकमेकांत जिरतो. लिफ्टनंतर हे कोन बिघडतात.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर येते त्या वेगाला गाडी न्यूट्रल करा. इंजिनचे आरपीएम पडूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन संशयातून सुटलं. आता टायर की शाफ्ट? डिफरेन्शियलचं (अॅक्सलमधल्या गिअरांचं) प्रमाण ४ असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट ४ फेरे घेतो, म्हणजे जॉइंटचे ८ झटके. म्हणून टायरचा दोष संथ, बहुतेकदा स्टिअरिंगमध्ये जाणवतो. शाफ्टची बारीक गुणगुण सीटखाली येते.

मग सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, मोबाइलच्या कोनमापकाने ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तोंड, शाफ्ट आणि पिनियन (शाफ्टला जोडलेला डिफरेन्शियलचा दांडा) यांचे कोन मोजा. साध्या दोन-क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही जॉइंटच्या कोनांत अंशभराहून जास्त फरक नको. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आत ग्रीस संपून बेअरिंग गंजतंय.

पाट्यांच्या गाडीत अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये योग्य अंशाची पाचर बसवली की पिनियन पुन्हा रांगेत येतं. बॅलन्सिंगचे पैसे त्यानंतर.