कॉन्झर्व्हेशन ईझमेंटचं रिमोट मॉनिटरिंग आणि जमीनमालकांशी संबंध

अमेरिकेत खासगी जमीन राखून ठेवायची तर मालक बऱ्याचदा लँड ट्रस्टशी, म्हणजे जमिनी जपण्याचं काम करणाऱ्या संस्थेशी, करार करतो, त्याला कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. सातबारा मालकाचाच राहतो असं समजा, शेती, गुरं, ठरलेली लाकूडतोड सगळं चालू, पण प्लॉट पाडायचा, बंगले उठवायचा हक्क त्याने सोडलेला असतो आणि जमीन पुढे कुणीही घेतली तरी हे बंधन जमिनीबरोबर जातं. इन्कम टॅक्सची सूट (कलम 170(एच)) हवी असेल तर करार कायमचाच लागतो.

करार पाळला जातोय का हे ट्रस्टने वर्षातून एकदा तरी बघायचं असतं. पूर्वी माणूस गाडी काढून जायचा, मालकाबरोबर कुंपणाकडेनं फिरायचा. 2020 ला कोविडमुळे जाणं थांबलं आणि सॅटेलाइट फोटोंवर काम भागवणं बरंच वाढलं. सेंटिनेल-2 या युरोपियन उपग्रहांचे फोटो फुकट आणि दर 5 दिवसांनी मिळतात, पण एक पिक्सेल 10 मीटरचा, त्यामुळे तोडलेलं जंगल दिसतं, छोटी शेड दिसेलच असं नाही. दाट झाडीखाली टाकलेला कचरा तर महागड्या फोटोतही दिसत नाही.

पण खरी गोची माणसाची आहे. फोटोत झालेलं दिसतं, मनात काय चाललंय ते नाही. फिरताना मालक सहज बोलून जायचा, "मुलाला ओढ्याकडे घर बांधायचंय", आणि तिथल्या तिथे सांगता यायचं की ओढ्याकडे नाही चालणार, करारात घरासाठी आधीच सोडलेल्या रस्त्याकडच्या तुकड्यात बांधा. तेच पाया भरल्यावर कळलं की वकील आले. शिवाय वरून कुणीतरी नजर ठेवतंय ही भावना कुणालाच आवडत नाही, म्हणून यंदा पाहणी सॅटेलाइटवरून करतोय हे आधी कळवायचं, नंतर फोटोची कॉपी पाठवायची, आणि वाचलेल्या वेळात निदान एक फोन करायचा. एप्रिलच्या फोटोत नसलेला तपकिरी चौकोन जूनमध्ये दिसला तर थेट नोटीस कशाला, आधी विचारा, करारात परवानगी असलेला गोठाही निघू शकतो.

सही केलेला मालक सहसा त्रास देत नाही, करार त्यानेच हौसेने केलेला असतो. कटकटी जास्त करून वारसांशी किंवा विकत घेणाऱ्यांशी होतात, त्यांनी ते कागद धड वाचलेलेही नसतात. म्हणून जमिनीचा मालक बदलला की त्या वर्षी फोटोवर भागवू नये, करार आणि बेसलाइन रिपोर्ट (करार झाला तेव्हा जमीन कशी होती त्याची नोंद) घेऊन स्वतः जावं आणि हद्द सोबत फिरून दाखवावी.