किमोच्या बाटलीतला एरंड

बीड, हिंगोली, परभणीहून किमोसाठी छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पेशंटला पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाचं सलाईन लावण्याआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ॲलर्जी रोखणारी इंजेक्शनं देतात. औषध जहाल असतं म्हणून ही तयारी, असा नातेवाइकांचा समज असतो. बऱ्याच अंशी ती औषध ज्यात विरघळवलंय त्या द्रवासाठी असते.

या द्रवामागची युक्ती साबणाची. साबणाचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात आणि पाण्यात न विरघळणारा पदार्थ आत धरतात. या पुंजक्याला मायसेल म्हणतात. पुंजक्यांची कल्पना १९१३ ची, गोल मायसेलचं चित्र १९३६ चं. पुढे बराच काळ हा विषय मुख्यतः साबण आणि डिटर्जंटवाल्यांचा राहिला.

औषधनिर्माणात मोठा पेच पडला तो पॅक्लिटॅक्सेलमुळे. रेणूची रचना १९७१ मध्ये कळली, पेशीविभाजन रोखण्याची रीत १९७९ मध्ये; पण एक मिलिलिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅमही विरघळेना. तेव्हा क्रेमोफोर नावाचा साबणासारखा द्रव आणि अल्कोहोल निम्मेनिम्मे घेऊन त्यात मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम औषध बसवलं गेलं. क्रेमोफोरचं मूळ एरंडेल. बांधावरचा एरंड आपल्याला परका नाही, पण हे पोटात घ्यायचं तेल नव्हे. एथिलीन ऑक्साइड जोडून ते पाण्यात मिसळेल असं केलेलं असतं.

पहिल्याच चाचण्यांत तीव्र ॲलर्जी दिसू लागली आणि औषध बासनात जायची वेळ आली. त्यावर द्रव बदलला गेला नाही. सलाईन २४ तासांवर लांबवलं, स्टेरॉइड आधी द्यायचं ठरलं, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढे सलाईन ३ तासांवर आलं, द्रव मात्र तोच. शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम या नेहमीच्या डोसला मध्यम बांध्याच्या माणसाच्या शिरेत सुमारे २५ ग्रॅम क्रेमोफोर जातं. रक्तात त्याचेही मायसेल होतात आणि ते औषध धरून ठेवतात. म्हणून डोस दीडपट केला की रक्तातलं प्रमाण दीडपटीहून जास्त चढतं. कॅन्सरपुढे १९८० च्या दशकात ही तडजोड समजण्यासारखी होती. आजही ती चालू आहे याचं कारण रसायनशास्त्रापेक्षा किमतीत जास्त आहे, असं माझं मत.

पर्याय आले नाहीत असं नाही. अमेरिकेत २००५ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर बसवलेलं रूप आलं, ते मायसेल नव्हे. दक्षिण कोरियात २००७ मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिलॅक्टाइड या लांब साखळीच्या रेणूंपासून (पॉलिमर) केलेल्या मायसेलला मंजुरी मिळाली. त्यात क्रेमोफोर नाही, आणि चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत डोस देता आला. मात्र हे मायसेल थेट गाठीपर्यंत औषध पोचवतात, हा दावा जपून घ्यावा. रक्तात ते फार वेळ टिकत नाहीत. त्यांचं मोठं काम विरघळवण्याचंच आहे.

क्रेमोफोरची जेनेरिक कुपी स्वस्त आहे आणि सर्रास वापरात आहे. क्रेमोफोर पीव्हीसी प्लास्टिकमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) ओढून घेतं, त्यामुळे काचेची किंवा पीव्हीसी नसलेली बाटली आणि पीव्हीसी नसलेला सेट (सलाईनची नळी) वापरावा लागतो. सेट कुठला लावलाय, हे नातेवाइकांनी सिस्टरला विचारायला हरकत नाही.