बदली सायलेन्सर (मोटारगाडीचा)

बदली सायलेन्सर : मोटारगाडीच्या इंजिनातील जळका वायू मागे नेऊन सोडणारी व त्याचा आवाज दाबणारी जी व्यवस्था कारखान्यातून गाडीबरोबर येते, ती किंवा तिचा काही भाग काढून त्या जागी बाजारातून घेऊन बसविलेली पर्यायी व्यवस्था. असा बदल दोन कारणांनी होतो : जुना सायलेन्सर गंजून फाटला म्हणून, किंवा गाडीचा आवाज आणि पिकअप बदलावा म्हणून. दोन्ही कामे करणारा वेल्डर बहुधा एकच असतो आणि नळ्याही त्याच असतात. फरक पडतो तो भाग कुठवर बदलला यात आणि कायद्याच्या दृष्टीत. प्रस्तुत नोंद चारचाकी पेट्रोल गाडीपुरती व मुख्यतः कमी खर्चातील कामापुरती आहे.

संज्ञा : शास्त्रीय मराठीत हिला निष्कास प्रणाली म्हणतात. बोलण्यात मात्र इंजिनापासून बंपरपर्यंतचे सगळेच ‘सायलेन्सर’ असते आणि गॅरेजात मागच्या डब्याला तेवढे ‘मफलर’ म्हणतात. पहिला शब्द ब्रिटिश वापरातला, दुसरा अमेरिकन. मराठीत दोन्ही आले आणि त्यांनी आपसांत काम वाटून घेतले. मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील आतली सुटी नळी म्हणजे ‘पुंगळी’. ती काढून फिरण्याच्या सवयीमुळे ‘पुंगळी काढलेली गाडी’ हा प्रयोग गावोगाव रूढ झाला आहे. मोटारीच्या मफलरला अशी सुटी पुंगळी सहसा नसते, डबा चहूबाजूंनी बंद असतो. तेव्हा मोटारीची पुंगळी काढली असे कोणी म्हणाले, तर डबा कापून आत सरळ नळी घातली, असा अर्थ घ्यावा.

इतिहास : सायलेन्सर प्रथम कोणी केला याविषयी एकमत नाही. प्रचलित कथा हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला मान देते. मशीनगन बनविणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील. बंदुकीच्या सायलेन्सरचे पर्सी मॅक्सिम यांचे एकस्व (पेटंट) १९०९ चे आहे आणि त्याच तत्त्वावर त्यांनी मोटारीचा सायलेन्सर केला, असे ही कथा सांगते. कथेला आधार नाही असे नाही. बंदुकीकडे वळण्यापूर्वी, १८९० च्या दशकात, मॅक्सिम हार्टफर्ड येथील पोप कंपनीत मोटारगाड्यांवरच काम करीत होते आणि त्यांची कंपनी पुढे इंजिनांचे सायलेन्सरही बनवू लागली. परंतु इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंना इंजिनाच्या निष्कास मफलरचे अमेरिकन एकस्व १८९७ मध्येच मिळाले होते. हे बारा वर्षांचे अंतर मॅक्सिम-पक्षाला भरून काढता येत नाही. त्याही मागे जाणारे तिसरे मत असे की, निकोलाउस ऑटो या जर्मन अभियंत्याचे चारधावी (फोर-स्ट्रोक) इंजिन १८७६ मध्ये सिद्ध झाल्यानंतर कारखान्यांतील स्थिर गॅस इंजिनांना बिडाचा पोकळ डबा जोडून आवाज कमी करीत असत, आणि गाडीच्या मफलरचे मूळ त्यातच शोधावे. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. रीव्ह्‌ज बंधूंकडे शोधाचे नव्हे, तर गाडीसाठी त्याची आरंभीची लेखी नोंद करण्याचे श्रेय जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक गाड्यांत मफलर टाळून वायू थेट बाहेर सोडणारी ‘कट-आउट’ झडप असे. चढावर चालक ती उघडत असे. आजच्या महागड्या गाड्यांतील विजेवर चालणारी निष्कास झडप ही तिचीच वंशज मानावी लागते. मफलर बदलणे हा स्वतंत्र धंदा झाला तो अमेरिकेत. तिथल्या थंड प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकत. साध्या पोलादाचे मफलर थोड्याच वर्षांत सडत. मायडास या साखळीचे पहिले दुकान जॉर्जियातील मेकन येथे १९५६ मध्ये निघाले, ते याच गरजेवर. छिद्रांच्या सरळ नळीभोवती काचतंतू भरलेला ‘ग्लासपॅक’ मफलर त्याच सुमारास हौशी तरुणांत पसरला. ‘टर्बो मफलर’ हे नाव शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या १९६० च्या दशकातील टर्बोचार्जर असलेल्या गाडीच्या मफलरवरून आले, असे बहुतेक जाणकार मानतात. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्याचा टर्बोचार्जरशी काही संबंध असेलच असे नाही.

भारतात शर्यतींच्या गाड्यांवर असे काम मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीच्या काळापासून होत असावे. घरच्या गाडीवर ते उतरले ते बहुधा १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बोलीत ‘कॅट’) सक्तीचा झाला. बदली सायलेन्सरच्या दृष्टीने ही तारीख निर्णायक आहे : तोवर ही नळी फक्त आवाजाची होती, त्यानंतर ती प्रदूषण-नियंत्रणाचाही भाग झाली.

कार्य : इंजिनाच्या झडपेतून वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरांच्या चारधावी इंजिनात भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक धक्का, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० धक्के. मफलर हे धक्के दोन प्रकारे बोथट करतो. प्रतिक्रियात्मक मफलरात पडदे व कप्पे असतात, त्यांत ध्वनितरंग परतून एकमेकांना मारतात. यात हेल्महोल्ट्झ अनुनादकाचे, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येचा आवाज गिळणाऱ्या पोकळ कप्प्याचे, तत्त्व वापरले जाते. शोषक मफलरात छिद्रांच्या नळीभोवतीची ग्लासवूल ध्वनीची ऊर्जा उष्णतेत घालविते. कारखान्याचा डबा बहुधा पहिल्या प्रकारचा किंवा मिश्र असतो, बाजारातला स्वस्त ‘फ्री-फ्लो’ दुसऱ्या प्रकारचा. ग्लासवूल तेवढी घट्ट भरलेली नसेल तर काही महिन्यांत ती उडून जाते. मग आवाज फाटतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, सायलेन्सर आता ‘खुलला’.

‘थोडे बॅक प्रेशर हवेच, नाहीतर पिकअप मरतो’ हा समज गॅरेजांत इतका पक्का आहे की त्याची स्वतंत्र दखल घ्यावी लागते. नळीतील उलटा दाब इंजिनाला कधीही मदत करीत नाही. मदत करतो तो वायूचा वेग. वेगाने निघालेला एक धक्का आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि वायू आत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असताना पुढच्या सिलिंडरातील जळका वायू ओढून काढतो. नळी गरजेपेक्षा रुंद घातली की वेग पडतो, कमी फेऱ्यांवरची ओढ जाते आणि दोष बॅक प्रेशर कमी झाल्याला दिला जातो. अनुभव खरा असतो, कारण चुकीचे. शहरात चालणाऱ्या लहान गाडीला मूळ व्यासाहून फार मोठी नळी घालणे हा म्हणून पैशाचा थेट अपव्यय होय. हेडरच्या, म्हणजे सिलिंडरांतून निघालेल्या नळ्या एकत्र आणणाऱ्या पुढच्या भागाच्या, रचनेतही हेच तत्त्व आहे : १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात ‘४-२-१’ हेडर पहिला-चौथा व दुसरा-तिसरा अशा जोड्या लावतो, म्हणजे एका नळीत दोन धक्के अगदी लागोपाठ येत नाहीत.

स्वस्त बदलातील सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे घुमणे, गाडीवेड्यांच्या भाषेत ‘ड्रोन’. दुकानासमोर रेस केल्यावर तो कळत नाही. द्रुतगती मार्गावर ठरावीक वेगाला केबिन घुमू लागते आणि तासाभरात डोके दुखते. यावर एक स्वस्त आणि पक्का उपाय आहे : नळीला बाजूने जोडलेली, पलीकडचे तोंड बंद असलेली पाव-तरंग नळी. तिची लांबी काढणे सोपे आहे. साधारण ३०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. घुमणे ३,००० फेऱ्यांवर, म्हणजे १०० हर्ट्‌झला असेल, तर तरंगलांबी ४.८ मीटर व तिचा चौथा हिस्सा १.२ मीटर. गाडीखाली एवढी जागा शोधणे हेच खरे काम. वेगवेगळ्या फेऱ्यांवर घुमणारी गाडी मात्र या एका नळीने शांत होत नाही.

साहित्य : साधे पोलाद, ॲल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद आणि स्टेनलेस पोलाद हे तीन मुख्य प्रकार. गंज बाहेरून लागतो त्याहून अधिक आतून लागतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. घर ते स्टेशन एवढीच चाल असलेल्या गाडीचा मागचा डबा ते पाणी वाफ होऊन निघण्याइतका तापतच नाही. पाणी तळाशी साचते, इंधनातील गंधकामुळे आम्ल होते आणि डबा खालच्या शिवणीवर फुटतो. दहा वर्षे चाललेल्या गाडीचा मफलर हातात घेतला तर वरची पाठ बोटाने वाजवता येते आणि खालची शिवण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापडासारखी मोडते. म्हणूनच चांगल्या डब्याच्या सर्वांत खालच्या जागी बारीक निचरा-छिद्र ठेवलेले असते. ते गळती समजून वेल्डरने बुजविल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहेत. मुंबई-कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत बाहेरचा गंजही तितकाच लवकर लागतो.

स्टेनलेस ओळखण्यासाठी बाजारात चुंबक लावून पाहतात. ही परीक्षा अपुरी आहे. कारखान्याच्या सायलेन्सरात सर्रास वापरले जाणारे ४०९ प्रतीचे स्टेनलेस, ज्यात सुमारे ११ टक्के क्रोमियम असते, चुंबकाला चिकटते आणि तरीही वर्षानुवर्षे टिकते. उलट भांडी व कठडे यांसाठी लागणारे २०२ प्रतीचे स्टेनलेस चिकटत नाही आणि ३०४ म्हणून खपविले जाते. त्यात निकेलची बरीच जागा मँगनीजने घेतलेली असते. खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबडे ठिपके येतात. पैसे बेताचे असतील तर ३०४ च्या नावाखाली २०२ घेण्यापेक्षा उघडउघड ॲल्युमिनियम-लेपाचे पोलाद घेणे शहाणपणाचे.

खरेदी व जोडणी : सर्वांत स्वस्त बदल फक्त मागच्या डब्याचा, त्याहून मोठा ‘कॅट-बॅक’, म्हणजे परिवर्तकाच्या मागचे सगळे. हेडर सर्वांत महाग, आणि रोजच्या गाडीला त्याचा लाभ सर्वांत कमी. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट व करोल बाग येथे तयार भाग मिळतात. जुना पण मूळ कंपनीचा डबा भंगारातून घेणे हा पर्यायही विचारात घ्यावा. त्याची परीक्षा वजनाने व हलवून होते. आत काही खडखडले तर पडदा सुटलेला असतो.

खर्च वाचवायचा तो टोकाच्या चकचकीत टीपवर वाचवावा. वळणांवर व जोडांवर वाचवू नये. नळी आतून आधार देऊन वाकविली तर वळणात व्यास कायम राहतो. साध्या दाबयंत्रावर वाकविली तर ती वळणाला चेपते आणि रुंद नळीचा सगळा फायदा तिथेच संपतो. दुसरी गोष्ट रबरी हँगरची. तीन मीटर नळी ३०० अंशांनी तापली की साधे पोलाद सुमारे एक सेंटिमीटर, तर ३०४ स्टेनलेस दीड सेंटिमीटर वाढते. रबर वाचवून नळी चेसीला थेट वेल्ड केली तर इंजिनाची थरथर केबिनमध्ये येते आणि कधीतरी जोड तडकतो. नळी आधी चारही हँगरवर सैल टांगावी, टाके मारावेत, गाडी हलवून कुठे घासते ते पाहावे आणि मगच जोड पूर्ण भरावेत.

जुने नट जाम झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवले तर दुसऱ्या दिवशी गॅसने लाल करण्याची वेळ अनेकदा येत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार काढणे, ऑक्सिजन सेन्सरचे (जळक्या वायूतील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे) कनेक्टर सोडविणे आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ लावणे आवश्यक आहे. पेट्रोलची टाकी व नळ्या जवळच असतात, हे विसरू नये. काम झाल्यावर थंड इंजिन चालू करून मागच्या तोंडावर ओला फडका दाबावा आणि जोडांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले तिथे गळती. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिन मिश्रण विरळ समजून जास्त पेट्रोल सोडते आणि ॲव्हरेज पडतो. केबिनखालची गळती त्याहून गंभीर, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

परिवर्तक काढणे : कमी पैशात ‘पॉवर’ म्हणून कॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांना भंगारात चांगला भाव असल्याने काढून देणाऱ्यालाही त्यात रस असतो. हा सल्ला मानू नये. त्रिमार्गी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही एकाच वेळी हाताळतो. तो गेला की गाडीमागे उभे असलेले मूल हा सगळा वायू थेट घेते. परिवर्तकामागील सेन्सरमुळे पी-०४२० हा (परिवर्तक नीट काम करीत नसल्याचा) दोष नोंदला जातो आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो. सेन्सर नळीपासून दूर बसविणारा स्पेसर लावून तो दिवा विझतो, प्रदूषण विझत नाही.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनास सायलेन्सर असलाच पाहिजे. नियम ११२ प्रमाणे वायू खाली वा डाव्या बाजूला सोडता येत नाही आणि नियम ११३ प्रमाणे निष्कास नळी इंधननळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात याचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिने परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे. गंजलेल्या डब्याच्या जागी त्याच मापाचा, तितकाच शांत डबा बसविणे ही दुरुस्ती आहे. आवाज वाढविणारा डबा हा बदल ठरतो. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीसाठी निर्मितीच्या टप्प्यावरील मर्यादा ७४ डेसिबल (ए) असून ती वेग घेत जाणाऱ्या गाडीपासून ७.५ मीटरवर मोजतात. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा स्वतंत्र नियम ५९ आहे आणि मान्य डब्यावर ‘ई’ खूण ठोकलेली असते.