जमिनीखाली मुरलेलं हिमयुग

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि थंडीत कोमट. पाणी असतं तसंच असतं. बदललेली असते ती वरची हवा. काही मीटर खोलीवर जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास स्थिर, त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. मुरणारं पाणी तिथे पोचलं की त्या तापमानाला हवेतले जेवढे वायू विरघळतील तेवढे घेऊन खोल जातं. थंड सोड्यात गॅस टिकतो आणि कोमट सोडा मिळमिळीत होतो, तोच हा नियम. शून्य अंशाला पाण्यात जितका झेनॉन विरघळतो, त्याच्या निम्माच २५ अंशाला. निऑनला मात्र तापमानाचं फारसं सोयरसुतक नाही. शिवाय हे राजवायू, म्हणजे निष्क्रिय वायू. ना खडकाशी त्यांचा संयोग होतो, ना जंतू त्यांना खातात. (हेलियम सोडून, खडकातल्या युरेनियम-थोरियममुळे त्यात भर पडत राहते.)

म्हणून जुन्या भूजलातले हे वायू मोजले, की ते पाणी मुरलं तेव्हाचं तापमान काढता येतं. भूजलाचे अभ्यासक इमॅन्युएल माझोर यांनी १९७२ मध्ये जॉर्डन खचदरीतल्या पाण्यावर ही कल्पना वापरली. पण एक अडचण होती. भूजलाची पातळी चढते तेव्हा मातीतले हवेचे बुडबुडे दाबले जाऊन विरघळतात आणि हिशेबात जास्तीचा वायू येतो. इथे निऑन कामी आला: तो अपेक्षेपेक्षा जेवढा जास्त, त्यावरून घुसलेली हवा मोजून वजा करता येते. पाण्याचं वय कार्बन-१४ वरून काढतात. तेही सरळ नाही, कारण चुनखडकातला जुना कार्बन मिसळला की पाणी आहे त्याहून म्हातारं दिसतं.

खरा वाद पेटला तो हिमयुगात उष्ण कटिबंध किती थंड होता यावरून. समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांवरून 'क्लायमॅप' प्रकल्पाने १९७६ मध्ये सांगितलं, की हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, तिथले समुद्र बहुतेक ठिकाणी आजच्यापेक्षा जेमतेम एक-दोन अंशांनी थंड होते. डोंगरांवरची हिमरेषा (जिच्या वर बर्फ बारमाही टिकतो) तेव्हा बरीच खाली उतरली होती, त्याच्याशी हे जुळेना. मार्टिन स्टूट आणि सहकाऱ्यांना १९९२ मध्ये टेक्सासच्या कॅरिझो जलधरात (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात) हिमयुग आणि आज यांत ५.२ अंशांचा फरक मिळाला. पण टेक्सास उष्ण कटिबंधाबाहेर, शिवाय उत्तरेच्या हिमचादरीच्या खंडातलंच. म्हणून पुढे निवडलं ब्राझीलचं पियाउई राज्य, विषुववृत्ताच्या दक्षिणेला फक्त सात अंशांवर. अशा कामात बोअरचं पाणी तांब्याच्या नळीतून वाहू देतात आणि दोन्ही टोकं शिकंज्याने चिमटून बंद करतात. बाहेरच्या हवेचा एक बुडबुडा शिरला तरी नमुना बाद. १९९५ मध्ये उत्तर आलं: ५.४ अंश.

जगभरची अशी चार दशकांची मोजमापं एकत्र करून २०२१ मध्ये कमी आणि मध्यम अक्षांशांतल्या सखल जमिनीसाठी आकडा निघाला, ५.८ अंश, ०.६ इकडेतिकडे. ब्राझीलचा जुना आकडा त्यात आरामात बसतो.