‘मिशन’ की ‘भेट’? तरुण संघाच्या नेपाळ दौऱ्याची पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दिवाळीच्या सुटीत 10 दिवस नेपाळला जाणार आहे. पैसे जमले, पालकांच्या सह्या झाल्या, तिथल्या यजमान मंडळीचे पत्रही आले. अडले ते एका शब्दावर. पत्रकाच्या पहिल्या मसुद्यात ‘शॉर्ट टर्म मिशन ट्रिप’ असे छापले होते. कमिटीने ‘मिशन’ खोडून ‘मंडळी भेट’ असे लिहिले. काही तरुणांना हा भित्रेपणा वाटला, ज्येष्ठांना तो शहाणपणा वाटला. वाद अजून पुरता शमलेला नाही.

गुंता मुळात शब्दाचाच आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत ‘मिशन’ हे जागेचे नाव आहे: मिशन कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. नगर, वाई, मिरज, जालना या गावांत वाढलेल्या पिढीला हा शब्द ऐकला की आवारातली चिंच आणि विहीर आठवते, आणि त्याचबरोबर दुसऱ्या कोणाच्या तरी हातातली हजेरी, पगार आणि बदलीचा हुकूमही. 1970 मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या मंडळ्या एकत्र आल्या, तोवर बऱ्याच ठिकाणचा कारभार भारतीयांच्या हाती आला होता. त्या पिढीच्या मनात मिशन संपले तेव्हा मंडळी वयात आली. आज विशीत असलेल्या मुलांना हा शब्द इंग्रजी शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या प्रवचनांतून मिळाला आहे. त्यांच्या लेखी मिशन म्हणजे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे काम. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, पण एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. आणि नेपाळमध्ये त्याच शब्दाला तिसराच अर्थ आहे: बाहेरून पैसा घेऊन धर्म बदलायला आलेला माणूस.

तरुणांच्या बाजूने सभेत 1813 चा दाखला दिला गेला. मराठी मंडळ्यांची सुरुवात ज्या दोन अमेरिकन तरुणांपासून झाली, ते तरी कुठे परवानगी घेऊन आले होते? दाखला खोटा नाही. कलकत्त्यात कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता, तरी ते जहाजाने मुंबईला आले. इथेही हुकूम पाठीशी लागलाच. मग ते गुपचूप कोचीनकडे निघाले आणि पकडून परत आणले गेले. तेव्हाच्या गव्हर्नरने दया दाखवली आणि त्याच वर्षी कंपनीच्या सनदेतही मिशनऱ्यांसाठी दार उघडले, म्हणून ते राहिले. पण हा दाखला देताना पुढची 13 वर्षे गाळली जातात. त्यांच्यातला एक मराठी शिकला, बाजारात उभा राहून मराठीत बोलू लागला, शाळा आणि छापखान्यासाठी झिजला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. हुकूम मोडण्याची किंमत त्याने स्वतः दिली. 10 दिवसांनी मुंबईची गाडी पकडणाऱ्याने तसा हुकूम मोडला, तर किंमत मागे राहिलेला यजमान देतो. माझ्या मते साऱ्या वादाचा गाभा इथे आहे, आणि कमिटीने तो ओळखला याचे मला समाधान आहे.

नेपाळने बाहेरच्या धर्मप्रसारकांसाठी दार फार पूर्वी बंद केले होते. 18 व्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यात राहणारे कॅपुचिन पंथाचे कॅथलिक संन्यासी 1769 मध्ये, नवे गोरखा राज्य येताच, बाहेर पडले. ते दार 1951 मध्ये राणाशाही संपल्यावर किलकिले झाले, तेही पक्ष्यांच्या निमित्ताने. मसुरीच्या एका मिशन शाळेतला अमेरिकन शिक्षक पक्ष्यांचे नमुने गोळा करायला नेपाळच्या डोंगरांत गेला. सोबत डॉक्टर होते. आजाऱ्यांची रीघ लागली. त्यातून नेपाळमधल्या तानसेन या गावी दवाखाना काढण्याची परवानगी मिळाली आणि मार्च 1954 मध्ये आठ मिशन संस्थांनी एकत्र येऊन कामाची घडी बसवली. ही बैठक आपल्या नागपुरात झाली, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. परवानगीची अट स्पष्ट होती: उपचार करा, शिकवा, धर्मप्रसार करू नका. परदेशी डॉक्टर आणि नर्सनी ती अट मान्य केली. मंडळ्या उभ्या केल्या त्या नेपाळी माणसांनी, त्यातल्या अनेकांनी दार्जिलिंगकडून आणि भारतातल्या इतर भागांतून परत जाऊन.

त्याची शिक्षाही त्यांनीच भोगली. 1963 च्या मुलुकी ऐनमध्ये, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेत, धर्म बदलायला लावणाऱ्याला तुरुंग होता, आणि स्वतः धर्म बदलणाऱ्यालाही एक वर्षाचा. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि साधे विश्वासणारे आत गेले. 1990 च्या जनआंदोलनानंतर ते सुटले. 2006 मध्ये राज्य धर्मनिरपेक्ष जाहीर झाले, तेव्हा सीमेच्या अलीकडे आपण आनंद केला. पण 2015 च्या संविधानाने धर्मनिरपेक्षतेची व्याख्या करतानाच सनातन काळापासून चालत आलेल्या धर्मसंस्कृतीचे संरक्षण तिच्यात घातले, आणि कलम 26 मध्ये दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली. शब्द तोच, ‘धर्मनिरपेक्ष’, देवनागरीतच लिहिलेला. आपल्या मुलांना तो वाचता येतो, म्हणूनच तो फसवतो.

ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेचे कलम 158 हे या दौऱ्याचे खरे कुंपण आहे. धर्मांतर करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला उत्तेजन देणे यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर. ‘उत्तेजन’ म्हणजे काय? रस्त्यात कुणाच्या हातात धर्मप्रसाराची पत्रिका ठेवणे? मुलांना गाणे शिकवून मग बिस्किटाचा पुडा देणे? आजाऱ्यासाठी प्रार्थना करू का, असे विचारणे? मुंबईत यातले काहीही आपण विचार न करता करतो. तिथे ते ठरवणार तक्रारदार, पोलीस आणि न्यायालय. ज्या पत्रकावर ‘मिशन’ असे छापले आहे ते त्या वेळी कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न कमिटीतल्या एका वकील बाईंनी विचारला आणि त्यानंतर सभागृह बराच वेळ गप्प होते.

संशयाला एक ताजे कारणही आहे. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. अनेक मंडळ्या त्या क्षणी उपासनेत होत्या आणि भिंतींखाली माणसे गेली. सुमारे 9,000 मृत्यूंच्या त्या आपत्तीत बाहेरून मदत घेऊन आलेल्यांपैकी काहींनी तांदळाबरोबर पवित्र शास्त्रेही (बायबल) आणली, असा आरोप झाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. स्थानिक मंडळ्यांनी मात्र शेजाऱ्याचा धर्म न विचारता ढिगारे उपसले होते.

छोट्या मुदतीच्या मिशन सहलींची चाल तशी अलीकडची. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिकोला जाऊ लागले, पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि हे वळण जगभर पसरले. मुंबईतल्या आमच्या शब्बाथ शाळेतही (मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) असे पाहुणे आले होते. एक भिंत रंगवली, गाणी शिकवली आणि गेले. त्यांचे प्रेम खरे होते. त्यांची नावे मात्र आज कुणाला आठवत नाहीत. आता आपण त्यांच्या जागी उभे आहोत.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. 1950 च्या मैत्री कराराने दोन्हीकडच्या नागरिकांची ये-जा मोकळी ठेवली. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते, आणि 15 ते 18 वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले पत्र. भारतीय 100 रुपये म्हणजे नेपाळी 160, हा दर 1993 पासून तोच आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सीमेवरच्या सुनौलीपर्यंत बस.

कमिटीने अखेर जो ठराव केला त्यात ‘भेट’ हा शब्द कायम राहिला. सामानात पत्रिका नाहीत. रस्त्यावर कार्यक्रम नाही. बोलायचे ते यजमान मंडळीच्या आवारात, त्यांच्या पाळकांनी सांगितले तरच. नेपाळीत चर्चला ‘मण्डली’ म्हणतात, हे कळल्यावर तरुणांचा राग थोडा निवळला. सध्या दर रविवारी उपासनेनंतर ते थांबतात. कांदिवलीत राहणारी एक नेपाळी ताई त्यांना तीन भजने शिकवते आहे. तिसरे अजून नीट बसलेले नाही.