दोन्हीकडे ‘जनरेटेड ऑलवेज’, पण फाइलमध्ये एकच जातो

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबल बनवताना कॉलमपुढे ‘जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी’ लिहिलं की प्रत्येक रोला आपोआप क्रमांक मिळतो. ‘जनरेटेड ऑलवेज ॲज’नंतर कंसात ‘दर गुणिले नग’ असं सूत्र देऊन ‘स्टोअर्ड’ म्हटलं की एकूण रक्कम आपोआप भरली जाते. पहिली सोय आवृत्ती १० पासूनची (२०१७), दुसरी १२ पासूनची (२०१९). शब्द इतके सारखे आहेत की एक्स्पोर्टचा नियमही एकच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो नेमका उलटा आहे.

टेबल आणि फाइल यांच्यात डेटा हलवणारी ‘कॉपी’ कमांड टेबलचं नाव देऊन एक्स्पोर्टसाठी चालवली, तर आयडेंटिटीचे क्रमांक फाइलमध्ये येतात आणि सूत्राचा कॉलम गाळला जातो. माझ्या मते हेच योग्य आहे. रक्कम दर आणि नगावरून कधीही पुन्हा काढता येते. ऑर्डर क्रमांक ४१७ मात्र कशावरूनच काढता येत नाही, आणि दुसऱ्या टेबलांतल्या नोंदी त्याच क्रमांकाकडे बोट दाखवतात. आयात करताना नवे क्रमांक पडले, तर एकाचा माल दुसऱ्याच्या ऑर्डरला चिकटेल. म्हणून नवी रो घालणारा साधा ‘इन्सर्ट’ हाताने दिलेला क्रमांक नाकारत असला, तरी ‘कॉपी’ फाइलमधला क्रमांक जसाच्या तसा घेते. सूत्राच्या कॉलमला मात्र बाहेरची किंमत कुठूनच चालत नाही. चालली असती, तर दर, नग आणि रक्कम यांचा मेळ बसेलच याची खात्री राहिली नसती. किंमत डिस्कवर साठवलेली आहे, एवढ्यावरून ती मूळ डेटा ठरत नाही.

घोळ होतो तो सगळे कॉलम मागणारी ‘सिलेक्ट’ क्वेरी ‘कॉपी’ला दिल्यावर. तेव्हा रक्कमही फाइलमध्ये येते. हिशेबासाठी कुणाला स्प्रेडशीट द्यायची असेल, तर तेच हवं असतं. पण तीच फाइल त्याच टेबलमध्ये परत भरायला गेलात, की एक रकाना जास्त निघतो आणि आयात अडते. फाइल परत आत येणार असेल, तर सूत्राचा कॉलम वगळून दोन्ही वेळा कॉलमांची यादी नावानिशी लिहा.

आयडेंटिटीच्या बाबतीत एक काम तरीही उरतं. ‘कॉपी’ने क्रमांक भरले तरी सिक्वेन्स, म्हणजे पुढचा क्रमांक देणारा गणक, पुढे सरकत नाही. रिकाम्या टेबलात आयात केली असेल, तर पुढचा ‘इन्सर्ट’ १ मागतो आणि प्रायमरी कीवर, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा येऊ न देणाऱ्या बंधनावर, आदळतो. पीजी-डंप हा पोस्टग्रेसचा बॅकअप प्रोग्रॅम ही दुरुस्ती स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवतो. हाताने ‘कॉपी’ केली असेल, तर सर्वांत मोठा क्रमांक देऊन सिक्वेन्स पुढे नेणारा ‘सेटव्हॅल’ तुम्हालाच चालवावा लागतो.