एसटीएस-२ : कोलंबियाचे दुसरे उड्डाण

नासाच्या स्पेस शटल, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानांच्या, कार्यक्रमातील कोलंबिया या यानाचे दुसरे चाचणी उड्डाण (१२ ते १४ नोव्हेंबर १९८१). अंतराळातून परतलेले यान माणसांना घेऊन पुन्हा पृथ्वीच्या कक्षेत गेले, ते या वेळी प्रथमच. एप्रिल १९८१मधल्या पहिल्या उड्डाणाची कीर्ती मोठी आहे; पण तेच यान पुन:पुन्हा वापरायचे, ही शटलमागची मूळ कल्पना कसाला लागली ती या दुसऱ्या खेपेला.

कमांडर होते जो एंगल आणि वैमानिक रिचर्ड ट्रूली. एंगल यांनी पूर्वी एक्स-१५ हे रॉकेट-विमान चालवले होते. अपोलो-१७ या चंद्रमोहिमेतली त्यांची जागा भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना मिळाली आणि चंद्र हुकला.

तयारीत अडचणी बऱ्याच आल्या. नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे इंधन जाळण्यासाठी लागणारे रसायन भरताना ते सांडले आणि यानाच्या नाकाजवळच्या सुमारे ३७० उष्णतारोधक टाइल्स सुटल्या. त्या पुन्हा बसवाव्या लागल्या. ४ नोव्हेंबरला उलटी गणती ३१ सेकंदांवर थांबली. त्या खोळंब्यात हायड्रॉलिक यंत्रणा चालवणाऱ्या यंत्रांच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब वाढलेला आढळला. अखेर ट्रूली यांच्या ४४व्या वाढदिवशी यान उडाले.

काही तासांतच वीज व पाणी पुरवणाऱ्या तीन फ्यूएल सेलपैकी एक बिघडला. पाच दिवसांची मोहीम दोन दिवस सहा तासांवर आली. दोघांनी झोपेच्या वेळेतही काम करून बरेचसे प्रयोग उरकले, हे त्यांच्या जिद्दीचे लक्षण. कॅनडाने बनवलेल्या सुमारे १५ मीटर लांबीच्या यंत्रहस्ताची कक्षेतली पहिली चाचणी याच वेळी झाली. यानातील एसआयआर-ए या रडारची कामगिरी तर विलक्षण ठरली: त्याच्या लहरी सहारातली कोरडी वाळू भेदून खाली गेल्या आणि इजिप्त-सुदानच्या हद्दीवर गाडली गेलेली प्राचीन नद्यांची पात्रे चित्रांत उमटली.

परतताना एंगल यांनी ध्वनीच्या वीसपटीहून अधिक वेगापासून यानाच्या अनेक हालचाली स्वतःच्या हाताने केल्या आणि कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर यान उतरवले. असे मोठे पंखधारी यान वातावरणात शिरताना कसे वागते, याची माहिती त्यातून मिळाली.

एक नोंद मात्र तेव्हा फारशी गाजली नाही. उड्डाणावेळी यानाला वर ढकलणारे घन इंधनाचे बूस्टर समुद्रातून परत आणून उघडले जात, म्हणूनच ती करता आली. उजव्या बूस्टरच्या एका सांध्यातील, वायू अडवणारे रबरी कडे तप्त वायूने सुमारे १.३ मिलिमीटर झिजवले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी तशाच सांध्यातून वायू बाहेर फुटला आणि चॅलेंजर या दुसऱ्या शटलसह सात अंतराळवीर गेले.